जबाबातला पाहुणा

"ओ पावणं, निजलाईसा व्हय? घ्या की म्होरं!"

बॉनेटवर थाप पडली आणि मल्लेश हत्तरकी केवढा तरी दचकला. दचकण्यासारखं काय होतं त्यात? शाहूपुरीचा सिग्नल हिरवा होऊन दहा-बारा सेकंद झाले असतील, मागे हॉर्नचा कालवा, आणि दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेल्या मोटारसायकलवरचा गडी त्याला हटकत होता, एवढंच. कोल्हापुरात अनोळखी माणसाला दुसरं म्हणणार तरी काय? एस्टीत जागा मागताना पावणं, रस्ता विचारताना पावणं, भांडण उकरून काढतानासुद्धा पहिली हाक पावणंच, शिव्या मागनं. बावन्न वर्षं मल्लेश हा शब्द ऐकत आला होता आणि दिवसातनं पन्नास वेळा स्वतःही वापरत होता. पण आज तो थेट कानशिलावर बसला. पाय क्लचवरनं सटकला, गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली. गडी काचेशी वाकला. "बरं वाटंना व्हय हो? पाणी देऊ?" रागाचा आता मागमूससुद्धा नाही. मल्लेशने मान हलवली, किल्ली फिरवली, तोवर सिग्नल पुन्हा तांबडा झाला.

शेजारच्या सीटवर दोन गोष्टी पडल्या होत्या. एक, पुण्याच्या पंप कंपनीचं पत्र: तिसरा लॉटही नापास, कास्टिंगमध्ये हवेची भोकं, तरी आमचे पॅटर्न परत पाठवावेत. ज्या लाकडी साच्यावरनं माल ओतायचा तो साचा गिऱ्हाईकाचा असतो, आणि त्याने तो परत मागितला म्हणजे सोयरीक मोडली असं फौंड्रीवाले समजतात. दुसरी गोष्ट फोन. त्यावर सकाळपासनं चार मिस्ड कॉल, चारही 'पावणं घर' ह्या नावाचे. ती बाई मुर्शिदाबादकडच्या कुठल्याशा खेड्यातनं मोडक्या हिंदीत बोलायची. तिचं नाव मल्लेशला माहीत नव्हतं. तिच्या नवऱ्याचं तरी कुठं माहीत होतं? हसीबुल शेख. हे पूर्ण नाव त्याला तीन आठवड्यांपूर्वी कळलं, तेही पोलिसाच्या हातातला कागद उलट्या बाजूनं वाचून. नऊ वर्षं तो माणूस त्याच्या कारखान्यात वाळूचे साचे भरत होता आणि नऊ वर्षं सगळे त्याला पावणं म्हणत होते. पहिल्या दिवशी केरबा फोरमननं हाक मारली, "पावणं, इकडं या, पाटी उचला," आणि तेच नाव चिकटलं. त्यालाही आवडलं असावं. कुणी नाव विचारलं तर छाती काढून सांगायचा, "पावणं म्हनत्यात मला. नाद न्हाय करायचा."

गाडी तावडे हॉटेलचा चौक ओलांडून पंचगंगेच्या पुलावर आली. खाली पाणी गढूळ, काठाकाठानं चाललेलं, श्रावणातलं. वडील ईरप्पा ह्याच पुलावरनं सायकलने जायचे. गडहिंग्लजच्या पलीकडनं, कानडी मुलखाच्या कडेवरनं, एक पत्र्याची ट्रंक घेऊन ते उद्यमनगरात आले तेव्हा लोक त्यांना 'कानडी पावणं' म्हणायचे. वडील हे कौतुकाने सांगायचे. "दुसऱ्या गावात इचारत्यात, तू कोन? हितं म्हनत्यात, पावणं, बसा की, च्या घ्या." एवढ्या एका शब्दावर त्यांनी ह्या गावात लेथ टाकला, मग भट्टी टाकली, मग पुलापलीकडे एमआयडीसीत प्लॉट घेतला. त्यांचं मराठी मरेपर्यंत हेलकावे खात राहिलं, पण कागद कुणी मागितला नाही. मागितला असता तर काय दाखवणार होते ते? आईचंच बघा. रत्नव्वा, वय ऐंशीच्या वर, रेशनकार्डावर रत्नाबाई, आधारवर रत्नव्वा, बँकेत रत्नम्मा. जन्मगाव आता कर्नाटकात, जन्मतारीख आधारवाल्यांनी अंदाजे घातलेली, आणि शाळेचा दाखला कुठला, ती शाळेतच गेली नाही. तिच्या तीन नावांवरनं घरात हसायचे सगळे. तीन आठवडे मल्लेशला त्याचं हसू येत नव्हतं. आणि तरी त्याला पक्कं ठाऊक होतं की तिला कुणी म्हणजे कुणी विचारायला येणार नाही. कपाळाला विभूती लावून दारात बसलेल्या म्हातारीला कोण विचारतो? ह्या खात्रीचीच त्याला आता किळस यायला लागली होती.

कारखान्याच्या फाटकात केरबा उभाच होता. चौसष्टीचा गडी, गुडघे गेलेले, तरी चार पोरांना हाताशी धरून साचे भरत होता. "मालक, वाळू ऐकंना झालीया," तो म्हणाला. "वल मोजायचं यंत्र म्हनतंय बराबर हाय, आन् माल निघतोय भोकाभोकाचा. दहातलं चार गेलं आजबी." आत अर्धी शेड रिकामी. लोखंडी पेट्या एकीवर एक रचून ठेवलेल्या, त्यांच्यावर गंज धरायला लागलेला. ह्या वेळेला इथं ओतकामाचा गलका असायचा, बंगाली, ओडिया, भोजपुरी आणि केरबाची कोल्हापुरी एकाच वेळी. ज्या दिवशी बांगलादेशी हुडकायला पोलिसांचं पथक आलं त्या दिवशी गल्लीतली अकरा माणसं नेली आणि संध्याकाळपर्यंत बाकीचे स्वतःहून पांगले. ओडियासुद्धा गेले, ज्यांचा ह्यात काही संबंधच नव्हता. कोण थांबतंय? शेजारच्याने तीन पाळ्यांची एक पाळी केली, त्याच्या पलीकडच्याने भट्टी विकायला काढली. इथली पोरं फौंड्रीत येत नाहीत, धुरात कोण मरणार, मोबाइलच्या दुकानात बसू म्हणतात. देश कसा पुढे जातो हे मल्लेशला कधी कळलं नव्हतं, पण आपली शेड कशी पुढे जात होती ते पक्कं कळत होतं. एक माणूस वाळू मुठीत दाबायचा, गोळा मोडून बघायचा, मग ओल कळायला तुकडा गालाला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "अजून न्हाय." पावसाळ्यात तर त्या गालावर सगळा कारखाना चालायचा.

केरबा मागोमाग केबिनपर्यंत आला. आत आला नाही, उंबऱ्याशी थांबला. "परवा पावण्याच्या घरनं मला बी फोन आलता," तो म्हणाला. "कागूद मागतीया. नऊ वरसं हितं कामाला हाय म्हनून एक कागूद. तेवढं दिलासा तर सोडतील म्हनं. न्हायतर बॉर्डरच्या पल्याड नेऊन टाकत्यात, मग कोन हुडकायचं त्याला?"

"बघतो," मल्लेश म्हणाला.

"तीन आठवडं बघायलाईसा, मालक."

"बघतो म्हणलं न्हवं!"

केरबा गेला. जाताना दार जरा जोरात लागलं, की मुद्दाम लावलं? मल्लेशने खुर्चीत बसून लेटरहेडचं एक पान समोर ओढलं. 'हत्तरकी मेटल वर्क्स.' वर लहान अक्षरात वडिलांचं नाव. पेन उघडलं. आणि लिहायचं काय? सदर हसीबुल शेख हे आमच्याकडे गेली नऊ वर्षे कामास आहेत. एवढं एक वाक्य. पहिली ते चौथी शिकलेलं पोरही लिहील. पण हे वाक्य लिहिलं की दुसरं एक वाक्य खोटं ठरत होतं, आणि त्या दुसऱ्या वाक्याखाली मल्लेश हत्तरकीचीच सही होती.

तो दिवस त्याने किती वेळा मागे-पुढे करून बघितला असेल! फौजदार तरुण होता, अदबशीर, बदली होऊन आलेला, कोल्हापुरात तीन महिनेही झाले नव्हते. बोलण्यातला हेल विदर्भाकडचा. शेडच्या तोंडाशी बाकडं टाकून तो जबाब घेत होता आणि हसीब दोन शिपायांच्या मधे उकिडवा बसला होता, हाताला वाळू तशीच. "हा कोण?" फौजदाराने विचारलं. आणि मल्लेशच्या तोंडातनं जे निघायचं तेच निघालं, अगदी सहज, आपलेपणानं: "हे व्हय? हे आमचं पावणं हाय की." आसपासच्या गड्यांतनं कुणी तरी हसलंसुद्धा. फौजदार मात्र हसला नाही. "पाहुणा? म्हणजे इथं कामाला नाही?" आता इथपर्यंत चूक शब्दाची होती. इथपर्यंत मल्लेशला कुणी फासावर दिलं नसतं. हसून सांगायचं, अहो साहेब, आमच्यात सगळ्यांनाच पावणं म्हणतात, तुम्हालाही म्हणतील. दोन सेकंदांचं काम. पण त्याच दोन सेकंदांत मल्लेशला मस्टर आठवलं. हजेरीच्या त्या पुस्तकात हसीब कुठंच नव्हता. नऊ वर्षांत घातलाच नव्हता. प्रॉव्हिडंट फंड नाही, विमा नाही; पावणं काय, आज हाय उद्या न्हाय, कशाला लिहायचं? कामाला आहे म्हणावं तर नऊ वर्षांचं सगळं उकरलं जाणार, इन्स्पेक्टर येणार, वर बेकायदा परदेशी ठेवला म्हणून आणखी एक कलम. आणि समोर साहेब स्वतःच्याच तोंडाने वाट काढून देत होता. मल्लेश म्हणाला, "व्हय, पाहुणा. आलाय असाच, चार-सहा दिवस." पावणंचा पाहुणा त्याने स्वतः केला. शुद्ध मराठीत.

फौजदाराने लिहिलं आणि वाचून दाखवलं: सदर इसम हा पाहुणा म्हणून आलेला असून तो आमचे कारखान्यातील कामगार नाही. त्याचे मूळ गाव व राष्ट्रीयत्व याबाबत मला काहीएक माहिती नाही. जबाब वाचून पाहिला, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे. मूळ गाव माहीत नाही! दर वर्षी थंडीत त्या मूळ गावाहून येताना हसीब खजुराच्या गुळाची ढेप आणायचा, आईसाठी. "कोल्हापूरला गूळ आणतोस व्हय रं येड्या?" म्हणून घरात दरवर्षी तोच विनोद, आणि आई मात्र ती ढेप देवघराच्या फडताळात ठेवायची आणि दुधातनं पुरवून पुरवून खायची. फुटबॉलच्या सामन्याला तो मल्लेशच्याच पेठेच्या बाजूने ओरडायचा. बंगालातलं आणि कोल्हापुरातलं फुटबॉलचं वेड एकच, म्हणायचा, म्हणून मला हितं करमलं. सगळं माहीत होतं. गावातल्या तळ्याचं नावसुद्धा त्याने एकदा सांगितलं होतं. मल्लेशने सही केली. सही करताना हसीबकडे बघितलं नाही, त्यामुळे तो बघत होता की नव्हता हे त्याला आजही सांगता येत नव्हतं.

घरी बायकोला, शांभवीला, त्याने अर्धंच सांगितलं होतं, तेवढ्यावरही तिने निकाल दिला. "पत्र-बित्र काही लिहू नका. आधी एक सांगितलंत, आता दुसरं सांगाल, तुम्हालाच धरतील. पोरीचं लग्न तोंडावर आलंय." खोटं काही नव्हतं त्यात. आतल्या खोलीतनं आईने विचारलं, "नम्मव एल्ली होद?" आपला माणूस कुठं गेला? रविवार असून तो आला नव्हता म्हणून. मल्लेश म्हणाला, गावी गेलाय. आई म्हणाली, "मला सांगून जातोय की त्यो नेहमी." त्यावर मल्लेशने टीव्हीचा आवाज वाढवला.

आणि गेल्या शनिवारचा तो कार्यक्रम! कारखानदारांच्या सभागृहात उन्मेषचा सत्कार होता. उन्मेष शाळेत मल्लेशच्या बाकावर बसायचा. आता कॅनडाचा नागरिक. इथला पासपोर्ट त्याने बारा वर्षांपूर्वी स्वखुशीने परत केला आणि बदल्यात एक कार्ड मिळवलं, त्यावर कधीही यावं, कितीही राहावं, धंदा काढावा. "शेतजमीन तेवढी घेता येत नाही बघ," तो डोळे मिचकावून म्हणाला, "बाकी मी तुमच्यासारखाच." त्याला फेटा बांधला, शाल, नारळ. सूत्रसंचालकाने 'आपल्या मातीतला माणूस' असं तीनदा म्हटलं. कुणी पाहुण्यांनी भाषण केलं: नागरिकत्वाचे नियम काटेकोर झाले की गुंतवणूक येते, उद्योग वाढतो, देश महासत्ता होतो. टाळ्या पडल्या. मल्लेशनेही वाजवल्या, हात आपोआप वाजतात. चहाच्या वेळी उन्मेषने त्याला बाजूला घेतलं. "तुझ्याकडे पैसा घालायचं मनात होतं रे. पण कामगारच नाहीत म्हणे आता तुमच्या एमआयडीसीत? अर्धी शेड बंद? मग मी घालू कशात?" त्याने सामोसा संपवला, कागदी रुमालाला हात पुसले, आणि तिकडे दुसऱ्या राज्यात एक पार्टी बघतोय म्हणाला. मल्लेशच्या तोंडावर आलं होतं, अरे, गेला तो माणूस नागरिकच होता. तू नाहीस, तो होता. मतदान करायला रजा काढून जायचा. पण हे बोलायचं तर पुढचं सगळं बोलावं लागलं असतं. तो म्हणाला, "होईल सुरळीत महिन्याभरात."

सुरळीत! समोर पॅटर्न परत मागणारं पत्र, बाहेर केरबाची भोकाभोकाची कास्टिंगं. आता मल्लेशला हसीब हवा होता, आणि हाच सगळ्यात वंगाळ भाग होता, की तो कशासाठी हवा होता हे त्याला स्वतःला धड वेगळं करता येईना. माणूस म्हणून हवा होता की त्याचा गाल हवा होता? पंप कंपनीचं पत्र सोमवारी आलं आणि त्याच दिवशी पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की लिहावं, होईल ते होईल. त्याआधीचे अडीच आठवडे काय झालं होतं? अडला हरी गाढवाचे पाय धरी; पण इथं गाढव कोण, ह्याचा त्याला चांगलाच उलगडा झाला होता. तरी त्याने लिहायला सुरुवात केली. प्रमाणपत्र देण्यात येते की. श्री. हसीबुल शेख. आधारवर हसीबुल होतं की हसीबुर? आधारवर एक आणि मतदानकार्डावर दुसरंच होतं, फौजदार तेवढ्यावरच अडून बसला होता. गेली नऊ वर्षे. नऊ हा आकडा त्याने गिरवून जाड केला. ह्या आकड्यापायी कारखाना बसला तरी बसू दे. वडिलांनी एका ट्रंकेवर उभा केला होता, मी एका पत्रावर घालवला म्हणतील. म्हणू देत. छातीत काही तरी मोकळं झाल्यासारखं वाटलं, खूप दिवसांनी. आधीचा जबाब गैरसमजुतीने. गैरसमजुतीने? तो शब्द लिहून तो थांबला. मग त्याने तो खोडला, आणि त्या जागी 'खोटा' लिहायला पेन टेकवलं तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी.

"मालक, हसीब बोलतोय."

मल्लेश उभा राहिला. "कुठं हाईस तू?"

"घरात. काल सांजच्याला पोचलो. बॉर्डरपतूर नेलतं. मग आमच्या गावच्या प्रधानानं आज्याच्या जमिनीचा जुना कागद पाठवला, त्यावर सोडलं."

आवाज तोच, शब्दाला शब्द लावून बोललेली ती बंगाली चालीची कोल्हापुरी. मल्लेशच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं, आणि त्याच क्षणी त्याचा डावा हात समोरचं पत्र हळूच बाजूला सारत होता. लागणार नव्हतं आता ते. तो सुटला, आपण सुटलो. हा विचार इतक्या चपळाईने आला की त्याला लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही.

"लई बरं झालं," तो म्हणाला. "मी पत्र लिहायलाच बसलोतो बघ. आत्ता. खरंच."

"आता नको, मालक."

"मग कधी येतोस? तिकीट मी काढतो. ह्या वेळी मस्टरवर घेतो तुला. सगळं कायदेशीर."

"न्हाय येत."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या, कुणी तरी भांडी घासत होतं. काही तरी बोलायलाच हवं होतं, आणि जे बोलायला हवं होतं ते सोडून तो बोलला, "मी त्यास्नी सांगितलंतं, हसीब. लई सांगितलं. आमचाच माणूस हाय म्हनून. ऐकलं न्हाई त्यांनी."

"साहेबानं मला जबाब वाचून दाखवलाता, मालक," हसीब म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तीनदा वाचला. मला मराठी कळतंय ह्याचं त्यास्नी लई नवल वाटलं."

मल्लेश खुर्चीत बसला. फोन कानाला तसाच.

"मगाशी केरबामामाला फोन लावलाता," हसीब पुढं बोलायला लागला, शिफ्ट बदलताना सांगायचा त्याच संथ सुरात. "म्हनला वाळू बिघडलीया. त्यो म्हातारा हाय, त्याच्या ध्यानात ऱ्हानार न्हाय. तुमी लिहून घ्या."

मल्लेशने आजूबाजूला बघितलं. टेबलावर दुसरा कोरा कागद नव्हता. त्याने लेटरहेड पालथं केलं आणि पेन धरलं.

"जुनी वाळू आधी भट्टीपाशी पसरायची, रातभर," हसीब सांगत होता. "मग नवी. दहाला दोन. लिहिलंसा?"

"लिहिलं."

"पानी एकदम न्हाय घालायचं. थोडं थोडं. हातानं बघत."

मल्लेश खाली मान घालून लिहीत राहिला. "किती?" त्याने विचारलं.